सभासद अभ्यास पाठ : जुना कोपरगाव लोकसभा मतदारसंघ

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



या पानावर आपण दर अंकात बेणे, खत, हुमणी किंवा पाण्याच्या पाळ्या यांचा पाठ घेतो. या वेळी जरा वाट सोडून लिहितो आहे. कारण असे घडले. गेल्या लागण हंगामात गट कार्यालयात आडसालीच्या नोंदी चालू होत्या. वडिलांच्या नावची नोंद लावायला आलेला एक तरुण ऊसदरावरून तावातावाने बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "साहेब, कोपरगावच्या खासदारानं हा प्रश्न दिल्लीत मांडायला नको का?" बाकावर बसलेले एक आजोबा हसले. म्हणाले, "अरे बाबा, कोपरगावला खासदार राहिलाय कुठं? तो मतदारसंघच गेला की!" पोराला खरे वाटेना. तालुका आहे, विधानसभेचा मतदारसंघ आहे, रेल्वे स्टेशन आहे, मग लोकसभेचा मतदारसंघ जातो कसा?

त्याचा प्रश्न रास्त आहे. मी स्वतः या मतदारसंघात दोनदाच मत दिले, १९९९ साली आणि २००४ साली. २००४ ची ती त्या मतदारसंघाची शेवटची निवडणूक ठरेल हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हते. आज ज्यांच्या नावावर सात-बारा चढतो आहे त्या पिढीला तर हे नावच ऐकून माहीत. म्हणून हा पाठ.

या भागाचा राजकीय नकाशा समजायचा असेल तर आधी पाटाचा नकाशा समोर धरावा. आपला मुलूख मुळात अवर्षणाचा. सह्याद्रीच्या पायथ्याशी अकोल्याकडे धो धो पाऊस आणि खाली कोपरगाव-राहात्याकडे आभाळाकडे डोळे. इंग्रज सरकारने दुष्काळाच्या अनुभवावरून नद्या अडवायला घेतल्या. १९१६ साली दारणा धरण झाले आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांना त्याचा आधार मिळाला. १९२६ साली भंडारदरा पूर्ण झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यातून प्रवरेच्या दोन्ही कालव्यांचे पाणी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारात फिरू लागले.

पाणी आले म्हणजे सुख आले, असे मात्र झाले नाही. हा भाग आपण शेतकी खात्याची माणसे सभासदांना नेहमी सांगतो, कारण तीच चूक अजून होते. काळ्या खोल जमिनीत मोकाट पाणी सोडले, निचरा नाही, रान पाणथळ झाले, पुढे खारवट झाले. जे रान टिकले त्यात ऊस घेतला तर गुळाला भाव नाही. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे गुऱ्हाळ म्हणजे तोट्याचा धंदा. सावकाराचे व्याज वाढत गेले. त्यात खाजगी साखर कंपन्या आल्या होत्या. हरिगावची बेलापूर कंपनी, टिळकनगर, साकरवाडी ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. शेतकऱ्यांनी आपली बागायती रानं वर्षानुवर्षांच्या कराराने खंडाने कंपन्यांना दिली. आपल्याच रानात आपणच मजूर, अशी कित्येकांची गत झाली. हे ते खंडकरी.

या अडचणीतून सहकार उभा राहिला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावात पतपेढी काढली होती. तेवढ्या अनुभवावर शेतकऱ्यांचाच कारखाना काढायचे धाडस त्यांनी केले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ अध्यक्ष म्हणून लाभला, वैकुंठभाई मेहतांचे सरकारातून पाठबळ मिळाले आणि १९५०-५१ साली प्रवरेचा पहिला गळीत हंगाम झाला. १९६१ साली पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. मग कोळपेवाडी, संजीवनी, गणेश, अशोक, राहुरी, संगमनेर अशी कारखान्यांची माळच लागली. आपला कारखानाही त्याच माळेतला.

कोपरगाव लोकसभा मतदारसंघ हा या पट्ट्याचा मतदारसंघ. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होते. कोपरगाव हे नाव १९५७ च्या निवडणुकीपासून आले.

१९५७ चा निकाल ऐकून तरुण मंडळींना नवल वाटेल. साखर पट्ट्याचा म्हणून ओळखला गेलेला हा मतदारसंघ, पण इथला पहिला खासदार कारखानदार नव्हता. तो होता शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा : ॲड. बापू चंद्रसेन कांबळे. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीतला माणूस, बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राशी जोडलेला. त्या साली संयुक्त महाराष्ट्राची लाट होती आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची भलीभली मंडळी पडली. शेजारी नाशकातून दादासाहेब गायकवाड निवडून गेले, तेही फेडरेशनचेच. पुढे दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह चालवला. म्हणजे ज्या काळात बांधावरचा शेतकरी कारखान्याचे शेअर घ्यायला पैसे जमवत होता, त्याच काळात ज्याला बांधच नाही त्या माणसाचा प्रश्नही याच भागातून दिल्लीला गेला होता. आपल्या कारखान्यांच्या स्मरणिका चाळल्या तर हे पान बहुधा सापडत नाही. ते असायला हवे असे माझे मत आहे.

१९६२ साली अण्णासाहेब शिंदे निवडून आले, १९६७ साली पुन्हा आले. श्रीरामपूरला वकिली करणारा माणूस, पण पीक-पाण्याची जाण पक्की. केंद्रात अन्न व शेती खात्यात त्यांनी १९७७ पर्यंत काम केले, त्यातली बरीच वर्षे राज्यमंत्री म्हणून. तो काळ आठवा : १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हाची बोट आली तर रेशनवर धान्य. सी. सुब्रह्मण्यम् मंत्री, अण्णासाहेब त्यांच्या हाताखाली. १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले. सरकारात आणि बाहेर पुष्कळ विरोध होता. आम्ही कृषी पदविकेला होतो तेव्हा हरितक्रांतीच्या धड्यात स्वामीनाथन आणि बोरलॉग एवढी दोनच नावे पाठ केली. आपल्या शेजारच्या गावचा वकील त्या खात्यात बसला होता हे कुणी सांगितले नाही.

उसासाठी महत्त्वाचे असे दोन निर्णय याच काळातले. १९६६ साली ऊस (नियंत्रण) आदेश निघाला, त्यातल्या तिसऱ्या कलमाने केंद्र सरकार उसाची किमान किंमत ठरवू लागले. आणि १९६७-६८ च्या हंगामापासून साखरेवरचे नियंत्रण अर्धे सैल झाले : ६० टक्के साखर लेव्हीत सरकारला, ४० टक्के खुल्या बाजारात. त्या ४० टक्क्यांनीच सहकारी कारखान्यांना चार पैसे जादा देता आले. किमान किंमतीला पुढे वैधानिक किमान किंमत म्हणत. २००९ साली तिच्या जागी एफआरपी आली. लेव्ही २०१३ साली गेली. तरुण मित्राने लक्षात घ्यावे, ज्या एफआरपीवर तू भांडत होतास तिचे मूळ त्या १९६६ च्या आदेशात आहे आणि ती आजही दिल्लीत ठरते. आमच्या शेतकी ऑफिसात ठरत नाही, बाबा.

जमिनीचा प्रश्न मात्र मुंबईत ठरला. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कंपन्यांच्या ताब्यातली रानं सरकारकडे आली आणि १९६३ साली राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. खंडकऱ्यांना वाटले आता आपले रान आपल्याला मिळेल. मिळाले नाही. महामंडळच ऊस पिकवू लागले. आजोबा गेले, बाप गेला, नातवाने अर्ज केले. कायदा बदलून प्रत्यक्ष वाटप सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. हे लिहिताना मला आमच्या गटातली दोन-तीन घरे डोळ्यांपुढे येतात, ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे कोर्टाचे कागद पत्र्याच्या पेटीत जपले. रान मिळाले तेव्हा त्यात वेड्या बाभळी होत्या. पहिली दोन वर्षे नुसती मुळे काढण्यात गेली.

१९७१ साली अण्णासाहेब शेजारच्या अहमदनगर मतदारसंघात गेले आणि कोपरगावातून विठ्ठलरावांचे चिरंजीव एकनाथराव उर्फ बाळासाहेब विखे पाटील निवडून आले. १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९ अशा ओळीने पाच निवडणुका. १९७७ साली देशभर काँग्रेस भुईसपाट झाली, कोपरगाव हलले नाही. १९९१ साली ते अहमदनगरला अपक्ष उभे राहिले आणि पडले. ते निवडणुकीचे भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेले. इकडे कोपरगावात कोळपेवाडीचे शंकरराव काळे निवडून आले. १९९६ ला भाजपचे भीमराव बडदे, १९९८ ला राहुरीच्या तनपुरे घराण्यातले प्रसाद तनपुरे. १९९९ ला बाळासाहेब शिवसेनेकडून परत आले, वाजपेयी सरकारात अर्थ खात्याचे राज्यमंत्री आणि पुढे अवजड उद्योग खात्याचे मंत्री झाले. २००४ ला पुन्हा काँग्रेसकडून आले. पक्ष बदलला, माणूस तोच राहिला. मतदार कशाला मत देत होता हे यावरून समजावे.

आता थोडे अवघड बोलतो. कारखान्याच्या मासिकात लिहिण्यासारखे आहे की नाही याचा विचार केला, पण अभ्यास पाठ म्हटला की अर्धा लिहून चालत नाही.

कारखाना चालवणाऱ्या घरातला माणूस खासदार झाला याचा फायदा झालाच. लेव्ही किती, साखरेचा कोटा किती, अबकारी किती, हे त्याला कागद न बघता कळे. १९७८ च्या ऑगस्टमध्ये जनता सरकारने साखर एकदम पूर्ण नियंत्रणमुक्त केली. उत्पादन भरपूर, भाव कोसळले, कारखान्यांना ऊसाचे पैसे देणे जड झाले, आणि १९७९ च्या डिसेंबरात नियंत्रण परत आणावे लागले. अशा वेळी दिल्लीत ऊस समजणारा माणूस हवाच. प्राप्तिकराचेही तसेच. किमान किंमतीपेक्षा जादा दिलेला दर म्हणजे कारखान्याचा नफाच, असे धरून खात्याने सहकारी कारखान्यांना वर्षानुवर्षे नोटिसा पाठवल्या. २०१६-१७ पासूनच्या हिशोबाला दिलासा मिळाला आणि मागची थकबाकी २०२३ च्या अर्थसंकल्पाने निकालात निघाली. सुमारे १०,००० कोटींचा तो भार होता. शेअरभाग एकाचा असला तरी नोटीस सगळ्यांच्याच दरातून वसूल होते.

पण दुसरी बाजूही आहे. जो कारखाना ऊस नेतो, जी बँक कर्ज देते, ज्या शाळेत पोर शिकते, त्या सगळ्यांच्या डोक्यावर एकच नेतृत्व, आणि मतपेटीपुढेही तेच. मग मत वेगळे द्यायला माणूस कचरतो. तोडणीचा कार्यक्रम लागण तारखेप्रमाणे चालतो, आम्ही तो तसाच चालवतो. तरी निवडणुकीच्या साली एखाद्याचे टोळीचे गाडे दोन आठवडे लांबले की गावात कुजबुज सुरू होते. "अमक्याच्या सभेला गेला होता ना!" बरेचदा कारण टोळी पळाली किंवा रस्ता चिखलात गेला एवढेच असते. पण संशय येतो याचा अर्थ संशयाला जागा आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात, दुसऱ्या एका ठिकाणी, नोंदीच्या रजिस्टरात तारखा खोडून पुन्हा घातलेल्या मी पाहिल्या आहेत. ऊस वाळला, वजन गेले, त्या शेतकऱ्याचे खोडवेही मागे पडले. तेव्हापासून लागणीची नोंद झाली की सभासदाच्या हातात तारखेची पावती देतो. तुम्हीही ती मागून घ्या. ती जपून ठेवा.

आणि ऊस तोडणारा? तो बीडचा, पाथर्डीचा, चाळीसगावकडचा. सहा महिने आपल्या फडात राहतो आणि त्याचे मत त्याच्या गावी. निवडणूक हंगामात आली तर तेही हुकते. ज्याच्या कोयत्यावर मतदारसंघाची अर्थव्यवस्था उभी, तो या मतदारसंघाच्या यादीत कधीच नव्हता.

मतदारसंघ गेला कसा, तेवढे आता सांगतो. २००२ साली मतदारसंघ फेररचनेचा कायदा झाला आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. २००१ च्या जनगणनेचे आकडे घेऊन नकाशे पुन्हा आखले, २००८ च्या फेब्रुवारीत ते लागू झाले. महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या, रेषा मात्र हलल्या. कोपरगाव गेले आणि अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा मिळून शिर्डी मतदारसंघ झाला. राहुरी दक्षिणेकडच्या अहमदनगर मतदारसंघाला जोडली. आपण एकटे गेलो असेही नाही. कराड, इचलकरंजी, पंढरपूर हीही नावे त्याच वेळी लोकसभेच्या यादीतून गेली. सगळा उसाचा मुलूख.

शिर्डी अनुसूचित जातीसाठी राखीव झाली. पुष्कळांना वाटते की हे कुणीतरी मुद्दाम केले. पारावर तशी चर्चा मी पुष्कळ ऐकली आहे. कायद्यातली रीत अशी की राखीव जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत वाटून द्यायच्या आणि त्यातही जिथे त्या समाजाचे प्रमाण तुलनेने जास्त तिथे द्यायच्या. पंढरपूरची राखीव जागा मतदारसंघासकट गेली आणि तिथले खासदार रामदास आठवले २००९ साली शिर्डीला उभे राहिले. त्यांना शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरेंनी हरवले. २०१४ आणि २०१९ ला सदाशिव लोखंडे, २०२४ ला पुन्हा वाकचौरे. ज्या पट्ट्याने १९५७ साली बी. सी. कांबळे यांना निवडून दिले होते, त्याला राखीव मतदारसंघ परका वाटण्याचे खरे तर काही कारण नव्हते. बाळासाहेब विखे ३० डिसेंबर २०१६ रोजी गेले.

रेषा हलल्या, पाट मात्र जिथल्या तिथे आहेत. आणि आजचा जिव्हाळ्याचा प्रश्न तोच, पाण्याचा. १९७६ साली पैठणला जायकवाडी पुरे झाले, ते आपल्याच गोदावरी-प्रवरेच्या खालच्या अंगाला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचे कलम आले. आमदार-खासदारांसकट फार थोड्यांनी तेव्हा ते वाचले असावे. २०१२ च्या दुष्काळात वरच्या धरणांतून पाणी खाली सोडले तेव्हा सगळे जागे झाले. २०१३ साली मेंढेगिरी समितीने जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडण्याचे सूत्र दिले आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटप उचलून धरले. आपली आवर्तने त्या हिशोबाने कमी झाली. मराठवाड्याच्या माणसालाही तहान आहे, हे नाकारून उपयोग नाही. आपण बारमाही ऊस मोकाट पाण्यावर घ्यायचा आणि त्याने टँकरची वाट बघायची, हे आता कोर्टातही टिकत नाही.

निळवंड्याचे तर विचारूच नका. १९७० साली सुमारे ८ कोटींच्या अंदाजाने मंजूर झालेले प्रवरेवरचे हे धरण. वरच्या जिरायती गावांनी प्रत्येक निवडणुकीत त्याचे आश्वासन ऐकले. बाळासाहेबांच्या पहिल्या निवडणुकीच्याही आधीची ती मंजुरी. डाव्या कालव्यात पाणी सोडायला २०२३ साल लागले, तोवर मतदारसंघ जाऊन पंधरा वर्षे झाली होती. त्या कालव्यावरच्या गावांतून आता लागणीच्या नोंदी येऊ लागल्या आहेत. त्या सभासदांना माझे एकच सांगणे : तुमचे रान पहिल्यांदा भिजते आहे, शंभर वर्षांपूर्वी प्रवरेच्या खालच्या अंगाला झाले ते करू नका. आधी निचऱ्याचे चर, मग सरी, आणि जमेल त्याने ठिबकच घ्यावे.

जुन्या मतदारसंघाचा, दोन्ही कालव्यांचा आणि नव्या रेषांचा असे तीन नकाशे मोठ्या कागदावर काढून गट कार्यालयात लावले आहेत. बेण्याची मागणी नोंदवायला याल तेव्हा पाहून जा. घरात जुन्या निवडणुकीचे हँडबिल, खंडाचा करारनामा किंवा पाणीपट्टीची जुनी पावती असेल तर आणून दाखवा, नक्कल काढून मूळ कागद लगेच परत देऊ.

पुढील अंकात खोडव्यातील पाचटाचे आच्छादन.